एचेव्हेरिया ‘दत्ताराम’

१८ नोव्हेंबर

टेम्पोतून आज जे सामान उतरवलं त्यातलं विकतचं जवळपास काहीच नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो. कुंड्या भरायचं टेबल फणसाच्या लाकडाचं, मी केलेलं, एकही खिळा न मारता. माती चाळायच्या चाळण्या मी केलेल्या. लांब चोचीची झारी, जळक्या मोटरच्या पत्र्याची, मी केलेली. वाळकी पानं उचलायचा चिमटा सायकलच्या स्पोकचा, तोही मी केला. अॅल्युमिनियमची लेबलं मी कापली, त्यांवर अक्षरं ठोकायचे ठसे मी कानशीने घासून काढले. ही वहीसुद्धा मीच शिवली आहे. बांद्याला पंचवीस वर्षं मोटर रिवायंडिंग केलं. शाळा आठवीत सुटली. एचेव्हेरिया, म्हणजे कमळासारखी उमललेली जाड पानांची कुंडीतली झाडं, मला कुणी शिकवलेली नाहीत आणि त्या बाबतीत माझं चुकलं असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

जागा झकास आहे. कालावलच्या खाडीवरचा उंच कातळाचा सडा, चिऱ्याचं घर, पुढे नुसता वारा आणि खाली चमकणारं पाणी. उतारावर दहा-बारा माड. घराच्या मागे काळी जाळी टाकलेली लांबट शेड, तिच्यात माझं काम.

घर नर्मदाकाकींचं. सत्तरी गाठलेली, काटक, बोलणं तिरकस. नवरा विश्राम बोटीवर इंजिनियर. देशोदेशीच्या बंदरांतून त्याने ही झाडं आणली. तौक्ते वादळात लेबलं उडाली, तेव्हापासून कुठली कुंडी कुठल्या जातीची ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मी ओळखायचं आणि नवी लेबलं लावायची. जेवून-खाऊन दोन आठवडे.

मला कसं शोधलंत, असं विचारलं. कुडाळच्या प्रदर्शनात मी परीक्षकांशी भांडलो होतो, ‘लोला’च्या कुंडीला ‘लिलासिना’ अशी चिठ्ठी लावली म्हणून. तेव्हा काकी गर्दीत होत्या. म्हणाल्या, ता भांडण बघूनच तुका बोलावलंय. मला बरं वाटलं. कदर करणारं माणूस कुठेही भेटतं.

लवूदादाचं मात्र काही पटलं नाही. हा घरचा जुना गडी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. टेबल उतरवायला हात लावला नाही, लांब उभा राहून बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणतो, काम कर नि जा, हयसर नाव ठेवून जाव नको. म्हणजे मी नाव ठेवण्याच्या लायकीचा नाही! माझं उत्तर लेबलांवर दिसेल.

१९ नोव्हेंबर

सकाळभर शेडमध्ये. चाळीसेक कुंड्या, आणि सगळ्या एकाच रंगाच्या, दुधात निळीचा थेंब पडावा तशा. नवखा माणूस म्हणेल, जात एकच आहे. नवख्याने बघूच नये.

लोक रंगावर जातात. रंग हे सगळ्यात लबाड लक्षण. ऊन वाढलं की बदलतो, पाणी वाढलं की बदलतो. मी आधी कड बघतो. पानाची कड काचेसारखी आरपार दिसली की ‘एलिगन्स’. मग टोक. ‘कोलोराटा’चं टोक लालभडक, नख वाढल्यासारखं. ‘लिलासिना’चं पान चमच्यासारखं रुंद आणि टोक नावाला. ‘लोला’ ही तिचीच लेक म्हणतात, पण कळी उमलता उमलता थांबावी तशी घट्ट. शेवटी पूड. या झाडांच्या पानांवर पांढरी पूड असते, उन्हापासून राखण म्हणून झाडाने स्वतःच आणलेली. ‘लाउई’वर सर्वांत दाट. तिला बोट लावलं की बोटाचा ठसा उठतो आणि त्या पानावर ती पूड पुन्हा कधी येत नाही. पान गळेपर्यंत ठसा तसाच. म्हणून माझं बोट आजवर एकाही पानाला लागलेलं नाही. चिमटा आहे, ब्रश आहे, फुंकर आहे.

दोन गोष्टी खटकल्या. एक, इथे कुजलेलं झाडच नाही. या दमट हवेत, सगळा पावसाळा काढून, एकाचाही बुंधा काळा पडलेला नाही. माझ्याकडे निम्मी जातात, आणि मी मी आहे. दुसरी, झाडं उजेडाकडे कलतात, हा नियम. उजेड दक्षिणेकडून आहे. ही सगळी दाराकडे कलली आहेत. दार उत्तरेला.

जेवताना काकींनी सांगितलं की माझ्याआधी कोल्हापूरचा एक प्रोफेसर येऊन गेला. सगळी ओळखली त्याने, एक सोडून. तेका एक जमूक नाय, तुझा काय होतला, असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली. मीठ जास्त होतं.

२१ नोव्हेंबर

एक सोडून सगळी झाली. लेबलं ठोकून लावलीसुद्धा.

ती एक म्हणजे शेवटच्या रांगेतली, कोपऱ्यातली. मातीची जुनी कुंडी. कड ‘एलिगन्स’सारखी आरपार, पण पान तिच्या दुप्पट जाड. टोक ‘कोलोराटा’सारखं लाल, पण आत वळलेलं, मूठ मिटल्यासारखं. पूड ‘लाउई’लाही लाजवील अशी. भिंगाखाली धरली तर पुडीत बारीक रेषा दिसतात, समांतर, वळणावळणाच्या. असल्या रेषा मी कुठल्याही जातीत पाहिलेल्या नाहीत. दोन जातींचा संकर म्हणावा, तर आईबापांपैकी कुणाचीतरी खूण निखळ दिसायला हवी. इथे सगळ्यांची थोडी थोडी आहे आणि कुणाचीच पुरी नाही.

दुपारी काकींबरोबर उतारावर गेलो. त्यांचे माड नावाचे आहेत. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाने माड लावायचा, हे आपल्याकडे बरेच जण करतात. पण काकी माडांना हाका मारतात. ह्यो बाबू, ही शालन, असं म्हणत प्रत्येकाच्या खोडावर थाप मारत गेल्या. त्यांचं म्हणणं, आमच्या या जमिनीत ज्याच्या नावान लावशात त्याका ता लागता. बाबू तापाने फणफणला तेव्हा माडाच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या म्हणे. मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालत नाही. परीक्षकांशी घालतो.

परतताना मी विचारलं, विश्रामभाऊंना जाऊन किती वर्षं झाली. बाई जागच्या जागी उभी राहिली. शिरा पडो तुझ्या तोंडार, माझो घोव मेलो म्हणून कोणी सांगल्यान तुका? गेलो नाय तो. हयसरच आसा.

दोरीवर रोज एक पुरुषी शर्ट वाळत असतो. मी तो लवूदादाचा समजत होतो. लवूदादाच्या अंगावर मी बनियन सोडून काही पाहिलेलं नाही. शेडमध्येही तो पाऊल टाकत नाही. दाराबाहेरूनच पाइप धरतो.

२३ नोव्हेंबर

ठरलं. ही नवी जात आहे. कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही ग्रुपवर नाही. मी काल दिवसभर फोनवर फोटो ताडून पाहिले.

नव्या जातीला नाव देण्याचा मान ती प्रथम ओळखणाऱ्याचा. तसं काकींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, नाव घालूक धाडस लागता. शिकलेल्या माणसाचा काम ता. प्रोफेसर भियालो. तू तर मोटरवालो. बायकोच्या नावान घाल हवा तर, तेव्हढा खपान जायत.

माझा कान तापला. मोटरवालो! ज्या हाताने केसाएवढ्या तारेचे शेकडो वेढे चुकल्याविना घातले, तो हात! दुकानाची पाटी थोरल्या भावाच्या नावाची. घराचा उतारा वडिलांच्या नावाचा. रेशन कार्डावर माझं नाव ‘दतराम’ असं छापलंय आणि तीन अर्ज करून कुणी ते बदललेलं नाही. जगात एक तरी वस्तू असू दे जिच्यावर मी बरोबर लिहिलेला असेन.

टेबलावर लेबल ठेवलं आणि ठसे ठोकले. एचेव्हेरिया ‘दत्ताराम’. एकेक अक्षर. काकी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते, वाचायला शिकणाऱ्या मुलासारखे. लेबल मातीत खोचलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. एवढी तिरकस बाई, पण कलेची जाण आहे. लेबलासकट फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुपारी कोंबडी-वडे. माझ्या पानात पाय. लवूदादा जेवायला आलाच नाही.

२४ नोव्हेंबर

माझ्या झाडाला कुणीतरी हात लावला आहे!

मधल्या कोवळ्या पानावर अंगठ्याचा ठसा. स्वच्छ, पुरा. मी लवूदादाला गाठलं आणि वाटेल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, माझे हात बघ. बघितले. दोन्ही अंगठे कोयत्याने कापलेले, पेरं नाहीतच. मला हे इतके दिवस दिसलं नव्हतं. मी, ज्याला पानाची कड दिसते.

परत येऊन भिंग लावलं. ठशावर आडवी चीर आहे, डावीकडून खाली उतरणारी. अशी चीर माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे. वायंडिंग मशीनची.

मी त्या पानाला हात लावलेला नाही. आणि ते पान काल नव्हतं. आज सकाळी उमललं आहे. ठसा कुणी वरून उठवलेला नाही. तो पानाबरोबर आला आहे.

२५ नोव्हेंबर

फोन अंगठ्याने उघडत नाही. पुसला, पुन्हा लावला. शेवटी आकडे दाबून उघडला.

अंगठा भिंगाखाली धरला. गुळगुळीत. चीर नाही, रेषा नाहीत. बाकी बोटांवर आहेत अजून, पण पुसट, दगडी पाट्यावरच्या टाकीच्या खुणा झिजाव्यात तशा.

झाडावर आज दोन नवी पानं. त्यांच्यावर काय आहे ते मी पाहिलं. लिहीत नाही.

काकी हसतमुख. केसांत अबोली माळली आहे. दोरीवर आज धोतर आणि दोन शर्ट.

२६ नोव्हेंबर

सवयीने सकाळी खालचं वाळकं पान चिमट्याने उचललं. माझ्या झाडाचं. अलगद निघालं, निघायला हवं तसं. त्याच क्षणी चपलेत काहीतरी सैल झालं. पायाच्या करंगळीचं नख. अलगद. रक्त नाही, दुखणं नाही. खाली कोवळं, गुलाबी, ओलसर.

म्हणजे झाड उपटून फेकणं नाही. एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे.

लवूदादा चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, बसला होता. शेजारी जाऊन बसलो. पहिल्यांदाच तो आपण होऊन बोलला, माझ्याकडे न बघता, खाडीकडे तोंड करून. विश्रामने ती कुंडी कुठल्या बंदरातून आणली देव जाणे. आणली तेव्हा तिच्यात कुठल्यातरी परक्या लिपीतलं लेबल होतं. विश्राम खुळ्यासारखा खूश झाला, ते लेबल काढून टाकलं नि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घातलं. त्यानंतर सड्यावर एक परका माणूस दिसू लागला, कुणाला न कळणारी भाषा बोलायचा, मग खाली उतरून निघून गेला. आणि विश्राम घरात असून नसल्यासारखा होत होत एक दिवस दिसेनासा झाला. वादळात लेबल उडालं, पण त्याने सुटका होत नाही. नवं नाव यावं लागतं, आणि ते ज्याने त्याने आपल्या हाताने घालावं लागतं. काकीला लिहितावाचता येत नाही. आलं असतं तरी तिच्या हाताने चाललं नसतं. नवा माणूस पुरता आत जायच्या आधी त्याने आपल्याच हाताने आपलं नाव खोडलं, तर तो सुटतो नि जुना परत कुंडीत जातो.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगलंय. पयल्याच दिवशी सांगलंय. तू फुगलंस.

२७ नोव्हेंबर

उतरून रस्त्यावर गेलो. आचऱ्याची एसटी आली. हात केला. थांबली नाही. दुसरी आली. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, तेव्हा ड्रायव्हरने गाडी माझ्या बाजूने वळवून नेली, खड्डा चुकवावा तशी. सडा सोडून जितका खाली येत गेलो तितके पाय मऊ पडत गेले. वर चढताना बळ येत गेलं. उन्हात तर छान वाटतं. तासभर दगडावर बसलो होतो, तहान लागली नाही.

संचिताला फोन केला. बायको. पंचवीस वर्षांचा संसार. ती हॅलो, कोण, कोण बोलतंय, म्हणत राहिली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, कोण दत्ताराम?

मग हसली, अगंबाई तुम्ही होय, म्हणाली. पण मधे जे थांबली —

२८ नोव्हेंबर

आरशापुढे बसून केलं. जसं कुंडीपुढे बसून करतो तसं. लिहून ठेवतो.

कड: कानाच्या पाळ्या उजेडाकडे धरल्या तर आरपार दिसतात.

टोक: बोटांची टोकं लाल. दुपारी जास्त.

पूड: खांद्यावर, कोपरावर, मानेवर. पांढरी, बारीक. बोट लावलं तिथे काळसर राहिलं. सकाळी लावलेलं अजून भरून आलेलं नाही.

मग शेडमध्ये जाऊन कुंडीची लक्षणं पुन्हा घेतली. रेषा: माझ्या. चीर: माझी. एका जाड पानाच्या पाठीवर तीळ, डाव्या खांद्यावर असतो तसा. खांद्यावर आता नाही.

दोन नमुने शेजारी ठेवून सांगायचं झालं तर ‘दत्ताराम’ची लक्षणं कुंडीत जास्त आहेत. हे मी प्रामाणिकपणे लिहितो आहे. ओळखण्यात माझं चुकत नाही.

घरात पुरुषाचं खोकणं ऐकू येतं. भर दुपारी.

२९ नोव्हेंबर

तो जेवायला बसला होता. माझ्या पाटावर. सत्तरीचा, रुंद चेहऱ्याचा, गाल अजून पांढुरके. भात कालवताना बोटांकडे बघत होता, ती त्याला नवीन असल्यासारखी. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. काकी वाढत होत्या. रे, आजून एक तुकडो घे, बारीक झालंस, म्हणत होत्या.

मी ओरडलो. ओरडलो म्हणजे — आवाज फार आला नाही.

काकी शांतपणे हात धुऊन बाहेर आल्या. मी तुका एक तरी खोटा बोललंय? असं विचारलं. आठवून पाहिलं. नाही बोलल्या. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन लेबल खरवडतो, दुसरं काहीतरी ठोकतो, कुठल्याही मेलेल्या माणसाचं नाव, दगडाचं नाव. मग तुमचा हा —

पाटावरचा माणूस जेवायचा थांबला.

काकी हसल्या. खोड ना. कोण धरता तुका? तुझाच हात, तुझाच नाव. पण तू खोडूचस नाय, दत्तारामा. कुडाळाक बघितलंय मी तुका. दोनशे माणसांत एका चिठ्ठीसाठी रडाक इललंस.

३० नोव्हेंबर

कानस घेऊन बसलो. सकाळी. दुपारी. ऊन छान आहे.

अक्षरं सुरेख आलीत. ‘त्ता’चा जोड किती नीट — छापखान्याला जमणार नाही. रेशन कार्डावर ‘दतराम’. इथे बरोबर आहे. इथेच बरोबर आहे.

कानस ‘द’वर ठेवली. एक ओढ मारली की झालं. एकच.

लवूदादा शेडच्या आत आला. पहिल्यांदा. रडत होता. खरवड रे मेल्या, खरवड, म्हणत होता. माझा हात धरून तोच खरवडणार होता. मी त्याला ढकललं. त्याच्या थोटक्या अंगठ्याने लेबलावर आडवा ओरखडा आला असता. अक्षर बिघडलं असतं.

उद्या करीन. नीट हाताने.

१ डिसेंबर

पेन धरवत नाही. वहीवर पूड पडते. फुंकून लिहितो.

फोन वाजला. लवूदादाने कानाशी धरला. बंगळूरचा कुणी विनीत, मोठी नर्सरी. २३ला ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिला म्हणे. झाड हवंय. वारलेल्या आईच्या नावाने नोंदवायचंय, ‘किशोरी’. अट एकच — मी माझं नाव काढायचं, माझ्याच हाताने ‘किशोरी’ ठोकून तसा फोटो पाठवायचा. तो आला की पैसे आजच.

लवूदादाने ऐकलं. कानस उचलून माझ्या हातात दिली, मूठ मिटवून दिली. घे रे. देवान धाडल्यान. काकी दारात. प्रथमच तोंडचं पाणी पळालेलं. म्हातारा त्यांच्या मागे, पदर धरून. एक हो म्हणायचं — म्हातारा कुंडीत, मी घरी. संचिता. बांदा. दुकान.

विचारलं, दोन्ही नावं नाही का राहणार. नाही म्हणाला. मग म्हणतो, तसंही काका, ही लोलाचीच एक जात आहे ना.

लोला.

मी सांगितलं त्याला. कड सांगितली. टोक सांगितलं. पूड — सगळं सांगितलं, आवाज होता तेवढा. म्हटलं, जिला तू लोला म्हणतोस तिला मी नाव दिलंय. काढणार नाही. तो म्हणाला, काका, आकडा ऐकून घ्या आधी, आणि मी ऐकून घेऊन नाही म्हटलं. लवूदादाने कपाळ बडवून घेतलं. काकी खाली बसल्या, म्हाताऱ्याला धरून, हसतात की —

ऊन आलं. उत्तरेच्या दाराकडून.

आकडा लिहून ठेवतो. नंतर कुणी म्हणू नये की दत्तारामला कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हटलं ते थोड्याथोडक्याला नाही. रोख, एकरकमी, आजच्या आज, चार लाख साठ हजा